पावसाळ्यात १४ मुलांबरोबर साबण करायचे आहेत: बेस किती, रंग कोणते, आणि वड्यांना घाम का येतो?

तिसरा_मजला:

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी भांडुपला सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांकडून साबण करून घ्यायचे आहेत. मुलं १४, वयं ५ ते ११. वेळ दोन तास. प्रत्येकाच्या दोन लहान वड्या व्हाव्यात, एक घरी ठेवायला, एक राखीसोबत द्यायला. हॉलमध्ये गॅस नाही. एक इंडक्शन शेगडी आहे आणि मोठी माणसं दोनच.

प्रश्न असे:

१. कमिटीतल्या एकांचं म्हणणं, विकतचा बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) वितळवणं म्हणजे काही साबण करणं नाही, खोबरेल आणि कॉस्टिक सोडा आणून खरा साबण करून दाखवा. मुलांसमोर हे चालेल का?
२. बेस घ्यायचा तर किती? कुठला?
३. घरात हळद, खायचे रंग, गुलाबाच्या पाकळ्या, व्हॅनिला इसेन्स आहे. हे चालतं का?
४. नमुन्याच्या चार वड्या केल्या. संध्याकाळी साच्यातून काढल्या, सकाळी वरती चिकट थेंब. पुसले, दुपारी परत तेच. बेस खराब आहे का?
५. मोदकाचा साचा वापरला तर?

---

चंचूपात्र:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्यात पडला की मिनिटभरात पाणी ८०-९० अंशांवर जातं आणि घशाला झोंबणारी वाफ येते. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. सोसायटीचा हॉल, १४ मुलं, दोन मोठी माणसं, अशा ठिकाणी ती बरणी आणायचीच नाही. कोपऱ्यात, उंचावर, झाकण लावूनसुद्धा नाही.

तुमच्या कमिटीतल्यांचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. बेस हा तयार झालेला साबणच असतो. तेल आणि सोड्याची क्रिया कारखान्यात पूर्ण झालेली असते, वर ग्लिसरीन आणि तशीच इतर द्रव्यं घालून तो वितळेल असा केलेला असतो. म्हणून मुलांना ‘आपण साबण बनवला’ असं न सांगता ‘साबणाला आकार, रंग, वास दिला’ असं सांगा. रसायनशास्त्र दाखवायला दुसरी सोपी वाट आहे, ती खाली.

आता हिशोब. वडी ५० ग्रॅमची धरा. याहून मोठी वडी दोन तासांत गार होत नाही आणि मुंबईच्या बाथरूममध्ये ती संपायच्या आत विरघळून लिबलिबीत होते. १४ गुणिले २ गुणिले ५० म्हणजे १४०० ग्रॅम. भांड्याला चिकटणारा आणि सांडणारा १० टक्के धरून साधारण १५५० ग्रॅम. एक किलो पांढरा आणि एक किलो पारदर्शक घ्या, उरलेला क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवला तर पुढच्या खेपेला कामी येतो. साच्याचं माप माहीत नसेल तर साचा पाण्याने भरा, ते पाणी काट्यावर मोजा आणि त्यात दहावा हिस्सा वाढवा. तेवढा बेस लागतो.

बेस ‘मेल्ट अँड पोअर’ नावानेच मागायचा. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्गावर आणि मस्जिद बंदरला रसायनं, सुगंध आणि कच्चा माल विकणारी दुकानं आहेत. सिलिकॉनचे साचे क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकचं सामान मिळतं तिथे. पाकिटावर घटक छापलेले नसतील तर घेऊ नका. सुट्टा, कागदात बांधून दिलेला तर नकोच.

वितळवणं हे मोठ्यांचं काम, मुलांचा हात त्याला नाही. दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. हे मात्र मुलांना द्या, बोथट सुरी बेसमधून पनीरसारखी जाते. इंडक्शनवर पसरट भांड्यात दोन बोटं पाणी, त्यात ५०० ग्रॅम तुकड्यांचं स्टीलचं उभं भांडं, वर झाकण. पाणी उकळायला नको, नुसतं गरम राहिलं पाहिजे. १०-१२ मिनिटांत सगळं वितळतं. झाकण उचलताना आडवं सरकवा आणि आतली वाफ फडक्याने टिपा, ते पाणी बेसमध्ये पडलं तर वडी मऊ राहते. बेसचं तापमान ६०-६५ च्या वर जाऊ देऊ नका. उकळला की त्यातलं पाणी उडतं, बेस पिवळट होतो आणि गार झाल्यावर रबरासारखा ताणतो. मायक्रोवेव्ह असेल तर ३० सेकंदांच्या टप्प्यांनी, प्रत्येक वेळी ढवळून. ढवळायचंही सावकाश, खीर ढवळतो तसं. रवी किंवा व्हिस्क घातला की फेस होतो आणि तो फेस वडीच्या पाठीवर तसाच गोठतो.

ओतायचं तापमान ५० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर बेसच्या पृष्ठभागावर पातळ साय धरायला लागते तो क्षण पकडा. चमच्याने साय बाजूला सारायची आणि ओतायचं.

५० अंशांचा बेसही मुलांच्या कातडीला भाजतो, आणि साबण चिकटत असल्यामुळे तो पाण्यासारखा निथळून जात नाही. म्हणून ८ वर्षांखालच्यांनी ओतायचं नाही. त्यांना कागदी कपात (एकात एक असे दोन कप) ५० ग्रॅम बेस द्या, रंग आणि वास तेच घालतील, आइस्क्रीमच्या लाकडी काडीने तेच ढवळतील, ओतेल मोठं माणूस. चटका बसलाच तर वाहत्या नळाखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, बर्फ, हळद काही लावायचं नाही.

दोन तासांत बसवायचं तर सात-सात मुलांच्या दोन तुकड्या करा. पहिल्या ४५ मिनिटांत सगळ्यांचं ओतून झालं पाहिजे, कारण ५० ग्रॅमची वडी पंख्याखाली गार व्हायला पाऊण ते एक तास घेते. तो मधला तास वेष्टनं रंगवण्यात आणि हळदीच्या प्रयोगात जाईल.

हळदीचा प्रयोग असा. एक चमचा हळद पाव वाटी पाण्यात कालवा, जाड पांढऱ्या कागदाला फासून आदल्या दिवशी वाळवा. मुलांना साबणाचं पाणी आणि कापसाच्या काड्या द्या. पिवळ्या कागदावर काडी फिरली की रेघ लाल उमटते. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, हळदीला चुना लावून कुंकू होतं ते याचमुळे. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागल्यावर लाल का होतो, तेही मुलांना इथेच कळतं. त्याच रेघेवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. श्रावणात पूजेला गोकर्णाची फुलं मिळतात. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी सुटतं, त्यात साबणाचं पाणी घातलं की ते हिरवट होतं आणि लिंबाने जांभळं. खरं रसायनशास्त्र हवं असेल तर हे घ्या, कुणाचा डोळा जात नाही.

---

रंगीत_खडू:

रंग आणि वासाचं मी सांगते, सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

हळद चालते, पण पिवळी राहत नाही. साबण अल्कलीच आहे, त्यामुळे वर सांगितलेलं लालपण वडीतही येतं. १०० ग्रॅमला चिमूटभर घातलीत तर जुन्या विटेसारखा केशरी-तपकिरी रंग मिळतो आणि तो छान दिसतो. पाव चमचा घातलीत तर टॉवेल रंगतो. बिटाची पावडर आणि जास्वंदीची पावडर यांच्यावर पैसे घालवू नका, दोन्ही मळकट तपकिरीवर येतात. गुलाबाच्या पाकळ्या साबणात बुडवल्या की आठवड्यात चहाच्या चोथ्यासारख्या दिसतात. हव्याच असतील तर पूर्ण वाळलेली एकच पाकळी, ओतल्यानंतर वरून, आणि ती काळवंडेल हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं.

ताजं काहीही नको. कोरफडीचा गर, दूध, दही, तुळशीचं पान, संत्र्याचा रस, काही नाही. बेसमध्ये ते टिकत नाही, या हवेत आठ-दहा दिवसांत बुरशी धरते.

खायचा द्रव रंग चालतो, १०० ग्रॅमला दोन-तीन थेंब. अडचण एवढीच की तो एका थरातून दुसऱ्यात झिरपतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वडी पंधरवड्याने अख्खी गुलाबी. पट्टे हवे असतील तर सौंदर्यप्रसाधनांसाठीची मायका पावडर (अभ्रकाची पूड) घ्या, २५० ग्रॅमला सपाट पाव चमचा. ती कोरडी टाकली तर गुठळ्या होतात, आधी अर्धा चमचा ग्लिसरीनमध्ये खलायची. मुलतानी मातीचंही तसंच, १०० ग्रॅमला अर्धा चमचा, आधी पाण्यात पेस्ट करून. रांगोळीचे रंग, होळीचे रंग, पोस्टर कलर साबणात घालू नका. ते अंगाला लावण्यासाठी केलेले नसतात.

कॉफी, ओट्स असं खरखरीत काही घातलं आणि सगळं तळाला जाऊन बसलं, तर बेस फार गरम असताना ओतला असं समजा. ४८-५० वर, घट्टसर झाल्यावर घातलं की मधेच अडकून राहतं.

दोन रंगांचे थर निखळतात तेही तापमानामुळेच. खालचा थर अगदी गार झाला की वरचा त्याला धरत नाही, आणि वापरताना वडीची बशी आणि झाकण वेगळं होतं. खालच्यावर साय आली, बोटाने हलकं दाबल्यावर लवते पण फुटत नाही, अशा वेळी काट्याने बारीक रेघा ओढायच्या, सर्जिकल स्पिरिटचा एक फवारा मारायचा आणि दुसरा थर ओतायचा. हाच फवारा वरचे बुडबुडेही फोडतो. स्पिरिट पेट घेतं. फवारा मोठ्यांच्या हातात आणि शेगडीपासून लांब.

वास: १०० ग्रॅमला १ मिली ही वरची मर्यादा, मुलांसाठी अर्धीच पुरे. म्हणजे ५० ग्रॅमच्या कपात ड्रॉपरचे पाच-सहा थेंब. गोड संत्रं किंवा लॅव्हेंडर घ्या. लवंग आणि दालचिनीचं तेल चुरचुरतं, ते टाळा. कापूर, निलगिरी, पुदिना पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी नकोत. वास घालायचा तो रंगानंतर, अगदी शेवटी, नाहीतर अर्धा हवेत जातो. मुलं बाटली उपडी करतात हे गृहीत धरून थेंब तुम्हीच घाला. व्हॅनिला इसेन्सने वडी तपकिरी होते आणि वास दोन दिवसांत उडतो. अत्तराच्या कुपीवर ते कशात पातळ केलंय हे बहुधा लिहिलेलं नसतं, म्हणून मुलांच्या साबणात नको.

शिवाय पालकांना आधी विचारून ठेवा, कुणाला बदाम तेलाची, कुठल्या सुगंधाची ॲलर्जी आहे का. त्या मुलाची वडी बिनवासाची करायची. खरं तर सगळ्यांची बिनवासाची केली तरी कुणाचं अडत नाही.

---

दमट_हवा:

तुमचा बेस खराब नाही. वडीला आलेला घाम तिच्या आतला नाही, बाहेरचा आहे.

वितळणाऱ्या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. वडी रात्रभर उघडी ठेवलीत म्हणजे तिला रात्रभर पाणी पाजलंत. पुसून उपयोग नाही, पुसल्यावर ती नव्याने ओढायला मोकळी होते.

उपाय वडी साच्यातून काढतानाच करायचा. साच्यातून बाहेर आली की अर्ध्या तासाच्या आत क्लिंग फिल्ममध्ये, सुरकुती न ठेवता, टोकं खाली दाबून. बोटांचे ठसे नको असतील तर कोरड्या सुती फडक्याने धरायची. नुसत्या कागदी वेष्टनाचा उपयोग नाही, कागद ओला होऊन चित्राचा रंग वडीवर उतरतो. आधी फिल्म, मग मुलांनी रंगवलेला कागद, मग दोरा. तुमच्या नमुन्याच्या चार वड्या अजून वाचतील. कोरड्या फडक्याने टिपा, तासभर पंख्याखाली ठेवा (एसी असेल तर ड्राय मोडवर उत्तम) आणि लगेच गुंडाळा.

पावसाळ्यासाठी ‘लो स्वेट’ लिहिलेला बेस मिळतो, मिळाला तर तोच घ्या. थेंब कमी येतात, अगदी थांबत नाहीत.

---

वडीवाला:

गार व्हायला वेळ लागत असेल तर फ्रिजमध्ये टाका की. दहा मिनिटांत काम होतं.

---

दमट_हवा:

ऑगस्टमध्ये नको. गार वडी दमट हॉलमध्ये बाहेर काढली की थंड पाण्याच्या बाटलीला धरतं तसं दव धरतं, आणि ते ग्लिसरीनबरोबर वर बसून राहतं. वडी साच्यातून सुटतच नसेल तेव्हा फ्रीजर ठीक, तोही दहाच मिनिटं, आणि साच्यातच परत हॉलच्या तापमानाला येऊ द्यायची, मग काढायची. सिलिकॉनच्या साच्याला त्याचीही गरज नसते. कडा चारी बाजूंनी ओढून हवा आत जाऊ द्या आणि पाठीवर अंगठ्याने दाबा, वडी टपकन पडते. स्टीलच्या वाटीत ओतणार असाल तर मात्र आधी तेलाचं बोट फिरवा, नाहीतर ती वाटी साबणदाणीच होते.

---

किसणी:

५-६ वर्षांच्यांना दोन तास ‘लांब उभा राहा’ म्हणत बसण्यापेक्षा त्यांना वेगळं काम द्या. त्यांच्यासाठी बिनशेगडीचा साबण आहे, मळून करायचा.

१०० ग्रॅम साध्या पांढऱ्या अंगाच्या साबणाचा कीस, २ मोठे चमचे गरम पाणी (म्हणजे ३० मिली), झिप असलेली जाड पिशवी. कीस आणि पाणी पिशवीत, दहा मिनिटं तसंच. मग पिशवीच्या बाहेरूनच मळायचं, पोळीच्या कणकेसारखा गोळा जमेपर्यंत. गोळ्याचे दोन भाग, हातावर वळले की चेंडू, लाटून बिस्किटाच्या साच्याने कापले तर चांदण्या. रंग हवा तर मळतानाच चिमूटभर मुलतानी माती.

गोळा भेगाळला तर पाणी कमी, एकेक छोटा चमचा वाढवा. हाताला चिकटला तर पाणी जास्त, मूठभर कीस घाला. म्हणून थोडा कीस बाजूला राखून ठेवायचाच. वाळायला एरवी आठवडा, पावसाळ्यात दोन आठवडे. जाळीवर ठेवा, रोज उलटा. तुमची राखी त्याआधीच येते, तेव्हा या वड्या देताना ‘आठ दिवसांनी वापरा’ अशी चिठ्ठी जोडावी लागेल.

साबण कुठला घ्यायचा हे महत्त्वाचं. वेष्टनावर बारीक अक्षरात ‘टॉयलेट सोप’ आणि टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थांचं प्रमाण, छापलेलं असतं. ग्रेड १ म्हणजे ७६ टक्के किंवा जास्त, ग्रेड २ ला किमान ७० आणि ग्रेड ३ ला ६०. मळायला ग्रेड १ सगळ्यात चांगला. ‘बेदिंग बार’ लिहिलेलं असेल तर तो प्रकार वेगळा, त्यात टीएफएम कमी आणि इतर भर जास्त असते, गोळा नीट जमत नाही. आणि हा साबण बेससारखा वितळवायला जाऊ नका. कितीही तापवलात तरी तो रटरटणाऱ्या पिठल्यासारखाच राहतो, साच्यात ओतता येत नाही.

कीस मोठ्यांनी आदल्या दिवशी करावा, किसणीच्या मोठ्या भोकांनी. बारीक भोकांनी साबणाची धूळ उडते आणि शिंका सुरू होतात. किसणी यासाठी वेगळीच ठेवा, साबणाचा वास नंतर गाजराच्या हलव्यात येतो.

---

तिसरा_मजला:

खूपच उपयोगी. हळदीचा कागद आणि लहानांचा गोळा दोन्ही घेतो. दोन गोष्टी राहिल्या. मोदकाच्या साच्याचं कुणी बोललं नाही. आणि कमिटीतले अजूनही ऐकत नाहीत, निदान कुणी मोठ्याने घरी खरा साबण करून आणावा आणि मुलांना दाखवावा, असं म्हणतायत.

---

चंचूपात्र:

घरी, मुलं शाळेत असताना, कुणी जाणत्याने करून आणला तर हरकत नाही. पण तो राखीपर्यंत वापरण्याजोगा होणार नाही हे आधी सांगा, मुरायला चार ते सहा आठवडे लागतात.

माप: शुद्ध खोबरेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर १५० ग्रॅम. सगळं वजनावर, पाणीसुद्धा. चमच्याने किंवा वाटीने नाही. ५०० ग्रॅम खोबरेलाला पूर्ण क्रियेसाठी साधारण ९१-९२ ग्रॅम सोडा लागतो. इथे मुद्दाम २० टक्के कमी घेतलाय, कारण नुसत्या खोबरेलाचा साबण फेस भरपूर देतो पण अंग खरखरीत कोरडं पाडतो. राहिलेलं तेल ते सांभाळून घेतं.

खोबरेल खाण्याचंच घ्या. केसांच्या सुवासिक तेलात खनिज तेल असू शकतं, त्याचा साबण होत नाही आणि सगळं गणित कोसळतं. सोडा ताजा, घट्ट झाकणाच्या डब्यातला. डबा उघडा राहिला तर सोड्याचे पापुद्रे हवेतलं पाणी शोषतात, ७३ ग्रॅममध्ये सोडा कमी आणि ओल जास्त भरते, मग साबण मऊ राहतो. मोरी साफ करायची पावडर सोडा म्हणून वापरू नका, काहींत ॲल्युमिनियमचे कण घातलेले असतात. आणि घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं, चमचा, काहीही याच्या जवळ आणू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. स्टील किंवा जाड पॉलिप्रॉपिलिनचं भांडं.

गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, उघडी खिडकी. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा. पाणी सोड्यात कधीही नाही, ते उसळून अंगावर येतं. द्रावण ३५ अंशांपर्यंत निवू द्या. खोबरेल २५ अंशांच्या वर पातळच असतं, मुंबईत ते गरम करायची वेळ फारशी येत नाही. दोन्ही एकत्र करून हँड ब्लेंडर पाच-दहा सेकंदांच्या झटक्यांनी. धिरड्याच्या पिठाइतकं दाट झालं, पळीतून सोडलेली धार वर क्षणभर उमटून राहिली, की थांबा आणि ओता. सुट्या वड्यांच्या सिलिकॉन साच्यातच ओता. लांब ठोकळा केलात तर खोबरेलाचा साबण काही तासांतच इतका कडक होतो की दुसऱ्या दिवशी सुरीखाली त्याचे ठिकरे उडतात. वर टॉवेल पांघरायची पद्धत आहे, ती इथे नको, हा साबण आपल्याच उष्णतेने पुरेसा तापतो.

सोड्याचं द्रावण हाताला लागलं तर वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेलं तर धूत धूतच हॉस्पिटल गाठायचं.

मुलांना दाखवण्यासारखं एकच काम यात आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी कडक झालेली एक वडी प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत ठेवून, मुलांनी हात न लावता, दर आठवड्याला डबीतून काढून मोठ्याने काट्यावर मोजायची. एरवी डबी उघडी, उंचावर. आकडा उतरत जातो, कारण पाणी उडतं. पावसाळ्यात सावकाश उतरतो. आलेख मुलं काढतील.

---

वडीवाला:

मोदकाच्या साच्याचं मी सांगतो, फ्रिजचं जरा चुकलं माझं.

दोन पाकळ्यांचा प्लास्टिकचा साचा घ्या. मिटून रबरबँड दोनदा गुंडाळा, वाटीत तांदूळ भरून त्यात टोक खाली करून रोवा, म्हणजे उघडी बाजू वर येते आणि साचा डुलत नाही. बेस ४८-५० ला, साय धरू लागल्यावरच ओतायचा. फार पातळ असताना ओतला तर पाकळ्यांच्या फटीतून पाझरतो, आणि तो तांदूळही गेला. साच्याच्या आत आधी तेलाचा हलका हात. मधल्या साच्यात साधारण ३० ग्रॅम बसतो, त्याला पाऊण तास धरा. कळ्या सुरेख उठतात. ॲल्युमिनियमचे साचे यासाठी नकोत, कळ्यांच्या खोबणीत साबण अडकतो आणि टोक तुटून आतच राहतं.

तो साचा परत खाण्याच्या मोदकाला वापरायचा नाही. त्यावर लाल नेलपॉलिशने फुली मारा, नाहीतर गणपतीत कुणीतरी घाईने तोच उचलेल.

---

रंगीत_खडू:

मोदकाच्या आकाराला माझा विरोध आहे. तोंडावर गणपती आलेत. पांढरा, कळीदार मोदक कुणाच्याही घरी टेबलावर दिसला तर तीन वर्षांचं मूल काय करेल? आजोबाही तेच करतील. करायचाच तर निळा किंवा हिरवा करा, आणि फिल्मवर ‘साबण’ असं मोठ्या अक्षरात लिहा. चॉकलेटच्या साच्यांचंही हेच. आणि पारदर्शक वडीच्या आत छोटं खेळणं घालायची फार फॅशन आहे, ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे तिथे ती वडी जाऊ देऊ नका. साबण झिजला की खेळणं सुटतं आणि तोंडात जातं.

---

तिसरा_मजला:

ठरलं, मोदक रद्द, पानाचा आकार घेतो. उरलेल्या वड्या गणपतीत सोसायटीच्या स्टॉलवर विकल्या तर चालतील ना? पैसे मुलांच्या वाचनालयाला.

---

चंचूपात्र:

भेट द्या, विकू नका. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत ‘साबण वगळून’ असे शब्द आधी होते, ते १९८२ च्या दुरुस्तीने काढले गेले. तेव्हापासून विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायचा तर परवाना लागतो, सध्या तो सौंदर्यप्रसाधने नियम २०२० खाली. वाचनालयासाठी मुलांनी रंगवलेले वेष्टनाचे कागद विका, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

---

किसणी:

आवरायचं कुणी सांगितलं नाही. बेसची भांडी लगेच धुवायला घेऊ नका, हॉलच्या सिंकमध्ये फेसाचा डोंगर होतो आणि मोरीत गार झालेला बेस पाइपमध्ये बसतो. भांडं तसंच गार होऊ द्या, कडेला बोट घातलं की आतला थर रबरासारखा अखंड सोलून निघतो. हे काम मुलांना फार आवडतं. निघालेले पापुद्रे रंगांनुसार वेगळे करून फिल्ममध्ये गुंडाळा, पुढच्या वेळी वितळवता येतात. काड्या आणि कप आधी कागदाने पुसा, मग कचऱ्यात. जमिनीवर सांडलेलं ओल्या फडक्याने पुसायला जाल तर हॉलभर घसरगुंडी होईल, आधी उलथन्याने खरवडा, मग कोरडं फडकं, पाणी सगळ्यात शेवटी.